मार्था आणि मरिया दोघी रमाबाईंत

बायबलमधल्या दोन बहिणी, मार्था घरकामात गुंतलेली आणि मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकणारी. त्यांचा दाखला देऊन कुणीतरी म्हटलंय की संसाराच्या रगाड्यातून बाहेर पडल्याशिवाय प्रभूच्या कामावर मन लागत नाही. निम्मं पटलं. पण रगाडा संपायची वाट बघणारा बघतच राहतो, हेही तितकंच खरं.

केडगावच्या पंडिता रमाबाई आठवा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी मुली-बायका आणल्या. एवढ्या जणींचं जेवणखाण, आजारपण, शेती, शाळा, छापखाना, सगळं मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे त्यांच्या केडगावच्या आश्रमात, त्यांच्याच डोक्यावर. त्यात ऐकू कमी येऊ लागलेलं. आणि हे चालू असतानाच त्या हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. आधीचं भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटायचं, खेड्यातल्या बाईला कळेल असं हवं होतं. म्हणजे चुलीजवळची बाईच त्या कामाचं कारण होती, अडथळा नव्हती! जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी भाषांतर थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर ते हातावेगळं झालेलं होतं. (काम पुरं व्हायला दहा दिवस मागून घेतले होते असं सांगतात, ती गोष्ट मला जरा सजवलेली वाटते.)

माझं म्हणाल तर सकाळी डबे भरायच्या आधीची पंधरा मिनिटं प्रभूसाठी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तेवढंच जमतं, आणि तेही रोज नाही.