दुखणं खोटं नाही, म्हणूनच मनाचीही विचारपूस

एका ताईंनी इथे लिहिलंय की जबड्याच्या दुखण्यासाठी दंतवैद्यांकडे गेल्या, तर त्यांनी झोप, उदासपणा यांची चौकशी केली, आणि ‘माझं दुखणं मनाचे खेळ समजतात’ असं वाटून त्या रडत घरी आल्या. ताई, तसं मुळीच नाही. जबड्याच्या सांध्याच्या विकारांसाठी 2014 पासून जगभर जी निदानपद्धत वापरतात, तिचे दोन भाग आहेत: एकात सांधा आणि स्नायूंची तपासणी, दुसऱ्यात नैराश्य, चिंता आणि दुखण्यामुळे अडणारी कामं. तुमच्या डॉक्टरांनी दुसरा भाग टाळला नाही, हे चांगलंच झालं.

नैराश्य आणि वेदना एकमेकांना खतपाणी घालतात. झोप मोडते, दात आवळले जातात, मेंदूची वेदना दाबून धरायची ताकद कमी पडते. उलट, महिनोन्‌महिने घास चावता येत नसेल तर कुणाचंही मन खचेल. अशा वेळी नुसतं स्प्लिंट (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) बसवून भागत नाही. जबड्याचे व्यायाम आणि विचार-सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन (सीबीटी) सोबत असेल तर जुनाट दुखण्यात जास्त फायदा होतो. दंतवैद्यांकडून दात झिजवून चावा (वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण) बदलून घेण्याची घाई मात्र अजिबात करू नका, ते परत भरून येत नाही.

एक महत्त्वाचं: नैराश्याच्या काही गोळ्यांनी (एसएसआरआय) काहींना दात आवळण्याची सवय लागते किंवा वाढते. गोळी सुरू झाल्यावर दुखणं वाढलं असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका.