मदत हवी आहे: पावसाळ्यात लिग्निनचे नॅनोफायबर कसे काढावेत?

मंडळी, रत्नागिरीत एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नारळाच्या सोडणातलं लिग्निन (झाडाच्या पेशींना कडकपणा देणारा पदार्थ) पीव्हीएमध्ये (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) मिसळून इलेक्ट्रोस्पिनिंग करतोय, म्हणजे उच्च व्होल्टेजने सुईतल्या द्रावणाचे अतिसूक्ष्म धागे (नॅनोफायबर) ओढतोय. सोडणं इथे ढिगाने मिळतात आणि काथ्यात लिग्निन भरपूर. पण नुसत्या लिग्निनचा धागा निघत नाही. रेणू एकमेकांत गुंतत नाहीत, सुईतून थेंबच उडतात. म्हणून पीव्हीएचा आधार.

मेपर्यंत सुईसमोरच्या फॉइलवर धाग्यांची जाळी छान पडत होती. पाऊस लागला आणि सगळा घोळ. आर्द्रता ८५ टक्क्यांखाली येतच नाही. द्रावण पाण्यातलं, त्यामुळे धागा फॉइलवर ओलाच पोचतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जागोजाग मणी, आणि धागे एकमेकांना चिकटून सपाट झालेले. व्होल्टेज १५ वरून २० किलोव्होल्ट केलं, फॉइल सुईपासून लांब नेली, फरक किरकोळ. खोलीला एसी मिळणार नाही, ते विचारूच नका.

पेटी बंद करून आत सिलिका जेल किंवा कोरडी हवा सोडून कुणाचं भागलंय का? द्रावणात थोडं इथेनॉल घातलं तर पीव्हीए साका होऊन बसेल का? आणखी एक शंका: ही सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवलेली आहेत. उरलेल्या मिठाने द्रावणाची विद्युतवाहकता वाढून धार भरकटत असेल का? लिग्निन कितपत धुवावं?