दीडशे युनिटच्या आत

(इंदूर, लोकमान्य नगर. आमच्या मल्टीचा, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीचा ग्रुप)

सचिव (201): नमस्कार मंडळी. कॉमन मीटरचं बिल पुन्हा वाढलंय, फोटो वर टाकलाय. त्यावर लिफ्ट, पार्किंगचे दिवे आणि पाण्याचा पंप एवढंच आहे. मेंटेनन्स वाढवायच्या आधी काही करता येईल का, सांगा. घरच्या बिलाचंही बोला, उन्हाळा आलाच.

दादा (302): सरळ सोलर लावू ना. 78,000 सबसिडी मिळते.

सचिव (201): ती घरगुती कनेक्शनला, 3 किलोवॉट किंवा जास्त बसवलं तर. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे 18,000 आहेत. शिवाय एका किलोवॉटला गच्चीवर साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. आपल्याकडे टाक्यांची सावली बरीच पडते. विषय सोडायचा नाही, पण त्याला वेळ लागेल.

काकू (204): सोलर जरूर करा, पण आधी गळती बंद करा. नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठीच पॅनल घ्यावे लागतील. पार्किंगमध्ये अजून जुन्या जाड ट्यूब आहेत. चोक धरून एक ट्यूब 55 वॉटच्या आसपास खाते, एलईडी 20 वॉटमध्ये तेवढाच उजेड देते. आठ ट्यूब रात्रभर म्हणजे बारा तास जळतात. महिन्याला सुमारे 100 युनिट नुसते तिथे वाचतील. मागच्या बाजूला कुणी फिरकत नाही, तिथे सेन्सरचे दिवे लावा.

आजोबा (101): आणि टाकी वाहते त्याचं काय? सकाळी गच्चीवरून पाण्याची धार लागलेली असते. वॉचमन पंप चालू करून भाजी घ्यायला जातो.

सचिव (201): आजोबा, त्याला सांगून झालंय.

काकू (204): सांगून होणार नाही हो, माणूस विसरतोच. टाकीत फ्लोट स्विच बसवा, भरली की पंप आपोआप बंद. आपला पंप 3 एचपीचा, म्हणजे सव्वादोन किलोवॉट. रोज अर्धा तास जास्त चालला तरी महिन्याला तीसेक युनिट गेले. आणि ते पाणी कुठून येतं बघा. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपांनी चढवून इंदूरला आणतात. त्या विजेचा भार इतका, की महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे काढून जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. आपल्या गच्चीवरून वाहून जाणाऱ्या पाण्यावर दोनदा वीज खर्च झालेली असते.

आजोबा (101): हे मला माहीत नव्हतं. फ्लोट स्विचचे पैसे मी देतो, उद्याच बसवा.

वहिनी (103): काकू, माझं घरचं विचारू का? आमचं बिल 190 युनिटच्या आसपास येतं. समोरच्यांचं 140 येतं तर पैसे निम्म्याहून कमी! मीटर खराब असेल का?

काकू (204): मीटर बरोबर असेल गं. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला 150 युनिटपर्यंत वापर असेल तर पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. दीडशेच्या वर गेलं की ती सवलत सगळीच जाते. म्हणून तुझ्यासाठी हे वरचे 40 युनिट सगळ्यात महाग. घरात पंखे किती?

वहिनी (103): तीन. दिवसभर चालू असतात, सासूबाई घरीच असतात ना.

काकू (204): मग तिथूनच सुरुवात कर. साधा पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 वॉट. पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात. दोन बदललेस तरी दीडशेच्या काठावर येशील. पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो. सासूबाईंच्या खोलीतला आधी बदल, तो सगळ्यात जास्त चालतो. फक्त इलेक्ट्रिशियनला सांग, जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी कर म्हणून.

दादा (302): आणि सेट-टॉप बॉक्स! टीव्ही रिमोटने बंद केला तरी बॉक्स चालूच असतो. 12 वॉट धरले तरी महिन्याला आठ-नऊ युनिट. भिंतीवरचा खटका बंद करा.

वहिनी (103): अय्या, आम्ही तो कधीच बंद करत नाही. आजपासून करते.

ताई (304): एसीबद्दल पण सांगते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंश वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. आमच्याकडे 20 वर असायचा, आता 25 आणि वर पंखा हळू. झोप छान लागते.

आजोबा (101): एसी हवाच कशाला? इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम.

काकू (204): मे महिन्यात अगदी खरं. कूलर दोनशे वॉटच्या आत चालतो, दीड टनाचा एसी हजाराच्या पुढे जातो. पण समोरची खिडकी थोडी उघडी हवी, हवा बाहेर गेली नाही तर नुसता दमटपणा होतो. पावसाळ्यात मात्र कूलरचा पंप बंदच ठेवा.

वहिनी (402): आमच्या वरच्या मजल्याचं काय? रात्री अकरालाही छत तापलेलं असतं. पंख्याखालीसुद्धा गरम वारा येतो.

काकू (204): गच्चीला पांढरा चुना मारू या, फेविकॉल मिसळून, दोन हात. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून छत कमी तापतं. खरं म्हणजे हे काम मल्टीच्या खर्चातून व्हायला हवं. चौथ्या मजल्याचे लोक सगळ्यांचं ऊन डोक्यावर घेतात.

दादा (302): पण पुढे सोलर बसवायचं तर?

काकू (204): अडत नाही. पॅनल स्टँडवर उभे राहतात, खाली चुना असला तर बरंच.

सचिव (201): ठरवू या. फ्लोट स्विच आणि पार्किंगच्या एलईडी याच आठवड्यात, रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय. चुन्याचा खर्च कॉमन फंडातून, कुणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. ज्यांना बीएलडीसी पंखे हवेत त्यांनी फ्लॅट नंबर आणि किती हवेत ते लिहा, एकत्र घेतले तर भाव कमी होईल. दादा, गच्चीवर सावली कुठून कुठे सरकते ते सकाळ-दुपार-संध्याकाळ बघून ठेवा, सोलरवाल्याला बोलवायच्या आधी लागेल.

वहिनी (103): 103, दोन पंखे.

ताई (304): 304, एक.

आजोबा (101): 101, एक. आणि वॉचमनचा पंखाही बदला, त्याच्या खोलीत जुनाच घरघरतोय. तो कॉमन मीटरवरच आहे.