पत्राचा तिसरा परिच्छेद: अमेरिकन काँग्रेसला खरंच सूट आहे का? (शुक्रवारच्या आत ठरवा)

मुग्धा (कार्यवाह), मंगळवार, २ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

अमेरिकन काँग्रेसला (संसदेला) जाणारं आपलं पत्र शुक्रवारी सकाळी पोस्टात पडायला हवं आणि तिसरा परिच्छेद अजून अडलेला आहे. बाकी मसुद्यावर रविवारनंतर कुणाची हरकत आलेली नाही, तेव्हा तो पुन्हा उघडू नका. अडलेल्या वाक्याचा मराठी अर्थ असा: "काँग्रेसच्या सदस्यांनी स्वतःला ओबामाकेअरमधून वगळलं आणि आमच्या आईवडिलांची सबसिडी मात्र काढून घेतली." (ओबामाकेअर म्हणजे २०१० चा आरोग्यविमा कायदा, सबसिडी म्हणजे त्याखाली हप्त्याला मिळणारी सरकारी मदत.) विनायककाकांना ते तसंच हवंय. श्रीकांतचं म्हणणं आहे की पहिला अर्धा भाग चूक आहे. दोघांनी इथेच लिहा, फोनवर नको.

---

श्रीकांत, मंगळवार

मुग्धा,

पहिल्या अर्ध्या भागातली माहिती चूकच आहे, शब्द बदलून भागणार नाही. २०१० च्या कायद्यातलं कलम १३१२ नेमकं उलटं सांगतं: केंद्र सरकारने काँग्रेसच्या सदस्यांना आणि त्यांच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना विमा द्यायचा, तर तो या कायद्याखाली तयार झालेला किंवा एक्स्चेंजवर (सरकारी विमा बाजारात) विकला जाणाराच असला पाहिजे. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली यांनी २००९ मध्ये सिनेटच्या समितीत हा आग्रह धरला होता. त्यामुळे १ जानेवारी २०१४ पासून हे सगळे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या एफईएचबी विमा योजनेतून बाहेर पडले. आपल्या माणसांना एक्स्चेंजवरच पाठवायचं बंधन दुसऱ्या कुठल्याही मोठ्या मालकावर नाही.

खरी गडबड पैशाची आहे. हप्त्यातल्या मालकाच्या हिश्श्याचं काय करायचं, हे त्या कलमात लिहिलंच नव्हतं. वैयक्तिक बाजारातून पॉलिसी घेतली असती तर सरकारचा हिस्सा बुडाला असता. म्हणून केंद्रीय कर्मचारी पाहणाऱ्या ओपीएमने ऑगस्ट २०१३ मध्ये मसुदा काढला आणि ऑक्टोबरमध्ये नियम पक्का केला. सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी डीसी हेल्थ लिंकच्या (वॉशिंग्टन डीसीच्या एक्स्चेंजच्या) छोट्या धंद्यांसाठीच्या खिडकीतून गोल्ड पातळीची योजना घ्यायची आणि सरकारचा हिस्सा चालू राहणार. सूत्र जुनंच: एफईएचबीच्या भारित सरासरी हप्त्याच्या ७२ टक्क्यांपर्यंत, पण निवडलेल्या योजनेच्या हप्त्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त नाही. ती खिडकी ५० पर्यंत नोकर असलेल्या धंद्यांसाठी होती आणि काँग्रेसमध्ये माणसं आहेत हजारोंनी. एवढा मोठा मालक या खिडकीत दुसरा कुणी उभा राहू शकत नाही. खास वागणूक म्हणायची तर ती ही.

आणखी एक फट आहे. कलमात शब्द आहे "अधिकृत कार्यालय". त्यात समित्यांचे आणि पक्षनेत्यांच्या कार्यालयातले कर्मचारी येतात का, हे नियमाने प्रत्येक सदस्यावर सोडलं. सिनेटचे तेव्हाचे बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी आपल्या नेतेपदाच्या कार्यालयातल्या काहींना बाहेर ठेवलं आणि त्यावरून बरंच वाजलं. राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री तर त्या कलमात नाहीतच.

आता आपलं पत्र उघडणार कोण, ते बघा. कार्यालयातली टपालावर बसलेली मदतनीस. बहुतेक वेळा तिचाच हप्ता पगारातून डीसी हेल्थ लिंककडे वळता होतो. "तुम्ही स्वतःला वगळलंत" हे वाक्य चूक आहे, हे तिला आपल्या पगारपत्रकावरूनच कळतं. त्यापुढचं पत्र ती कशाला मनापासून वाचेल?

---

विनायक (ज्येष्ठ समिती), बुधवार

श्रीकांत,

मसुदा ज्येष्ठ समितीचा आहे आणि सह्या याच वाक्यावर झाल्या आहेत, ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

तुझं २०१३ पर्यंतचं बरोबर आहे. पण २०१७ चं काय? ४ मे २०१७ ला प्रतिनिधीगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी ओबामाकेअर बदलणारं विधेयक मंजूर केलं. आपल्याच न्यू जर्सीतले टॉम मॅकआर्थर यांची दुरुस्ती त्यात होती. राज्यांना विम्यात असायलाच हव्यात अशा अत्यावश्यक सेवांची यादी आणि आजारी माणसाच्या हप्त्याचे नियम सैल करायची मुभा त्यातून मिळणार होती. काँग्रेस सदस्यांच्या योजनांना मात्र ती सैलावणी लागू होणार नाही, अशी तरतूद त्याच मजकुरात होती. याला वगळणं नाही तर काय म्हणायचं?

आणि २०१० नंतर योजनेच्या वार्षिक खर्चमर्यादेच्या नियमातून १२०० हून अधिक योजनांना सवलती वाटल्या, त्यात कामगार संघटनांच्या योजनाही भरपूर. ओळखीपाळखीच्यांना दार उघडं असतं, हे लोकांना दिसतं. त्या वाक्यामागे तीच चीड आहे.

---

श्रीकांत, बुधवार

काका, चीड रास्त आहे. वाक्य तरी चूकच राहतं.

मॅकआर्थर दुरुस्तीतली ती फट बुजवणारं वेगळं विधेयक त्याच दिवशी ४२९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झालं. पुढे जुलैत सिनेटमध्ये सगळंच अडलं आणि दोन्हींपैकी एकही कायदा झाला नाही. "वगळायचा प्रयत्न केला" असं म्हणता येईल, "वगळलं" असं नाही.

त्या सवलतींचं म्हणाल तर त्या तात्पुरत्या होत्या. योजनेला वर्षाकाठी किमान ७,५०,००० डॉलरपर्यंत खर्च उचलावा लागेल, असा नियम सप्टेंबर २०१० पासून लागला. पुढच्या वर्षी तो आकडा १२.५ लाख आणि त्याच्या पुढच्या वर्षी २० लाख डॉलर झाला. हॉटेलांतल्या, दुकानांतल्या स्वस्त योजना काही हजारांवरच थांबायच्या. हा नियम लगेच लावला असता तर मालकांनी त्या बंदच केल्या असत्या. म्हणून २०१४ पर्यंत सवलत दिली, आणि २०१४ पासून वार्षिक मर्यादाच रद्द झाल्यावर तिचं कामच उरलं नाही. अर्ज कुणाचे आणि का मान्य झाले, हे सरकारने सुरुवातीलाच नीट मांडायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण आपल्या पत्राचा तो विषय नाही.

---

अंजली, बुधवार

तुम्ही दोघं पहिल्या अर्ध्या भागावर भांडताय. दुसऱ्या भागातही गफलत आहे आणि ती आपल्या लोकांना जास्त महागात पडेल. "आईवडिलांची सबसिडी काढून घेतली" हे सगळ्यांना लागू नाही.

आत्तापर्यंत असं होतं: ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली नसतील तर प्रौढांना मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) नाही. म्हणून उत्पन्न गरिबीरेषेच्या खाली असलं तरी कायदेशीर स्थलांतरितांना एक्स्चेंजवर सबसिडी मिळायची. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने ही सोय १ जानेवारी २०२६ पासून बंद केली. २०२६ च्या विम्यासाठी धरायची रेषा एकट्याला १५,६५० डॉलर आणि दोघांना २१,१५० डॉलर. तिच्या खाली असाल तर सबसिडी शून्य, वर असाल तर ग्रीन कार्डवाल्यांना अजून मिळते.

उत्पन्न म्हणजे जगभरातलं. आपले लोक इथेच चुकतात. भारतातली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, हे सगळं फॉर्म १०४० वर (इथल्या आयकर रिटर्नवर) येतं. तिकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा इथे मोजतात. भाड्यातून मात्र खर्च आणि घसारा वजा होतो, तो विसरला की आकडा फुगतो. डॉलरला ८८ रुपये धरले तर वर्षाचे २० लाख रुपये म्हणजे सुमारे २२,७०० डॉलर. ते जोडपं रेषेच्या वर आहे, तरीही "इथे कमाई नाही" म्हणून अर्जात शून्य लिहिलेलं असतं. पोर्टल शून्य वाचतं आणि सबसिडी नाकारतं.

तसंच, नवराबायकोने रिटर्न एकत्रच भरायचं, वेगवेगळं भरलं की सबसिडी गेली. मुलाने आईवडिलांना अवलंबित दाखवलं असेल तर कुटुंब मुलाचं धरलं जातं आणि उत्पन्नही त्याचंच. चौघांच्या कुटुंबाला गरिबीरेषेच्या ४०० टक्क्यांची रेषा १,२८,६०० डॉलर आहे, आणि वाढीव सबसिडीची मुदत या ३१ डिसेंबरला संपते आहे. ती वाढवली नाही तर रेषेच्या वर एक डॉलर गेला तरी केंद्राची मदत शून्य. म्हणून अवलंबित दाखवून कर किती वाचतो आणि सबसिडी किती जाते, दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा.

आणि कृपा करून उत्पन्न खोटं फुगवू नका. जास्तीची घेतलेली सबसिडी परत करायला पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना कमाल मर्यादा होती. २०२६ पासून ती गेली. रिटर्नसोबत सबसिडीचा हिशेब मांडायच्या फॉर्म ८९६२ वर निघेल तेवढी सगळी रक्कम भरावी लागेल.

---

राजेश, बुधवार रात्री

अंजलीताईंच्या मेलवरून सुचलं. काही धार्मिक गट मिळून एकमेकांची हॉस्पिटलची बिलं भरतात आणि त्यांना विमा न घेतल्याचा दंडही लागत नाही. आपल्या मंडळाने असा निधी का सुरू करू नये? ज्येष्ठांसाठी तरी?

---

अंजली, गुरुवार

राजेश, दार १९९९ मध्येच बंद झालंय. कायद्यातली व्याख्या अशी: संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, हवी, सभासदांच्या धार्मिक किंवा नैतिक श्रद्धा समान हव्यात, आजारी पडलेल्याला काढून टाकता येत नाही, दरवर्षी स्वतंत्र सीपीएकडून (परवानाधारक हिशेबनिसाकडून) लेखापरीक्षण करून ते मागेल त्याला दाखवायचं, आणि ती संस्था किंवा तिची पूर्वसंस्था ३१ डिसेंबर १९९९ पासून अखंड चालू असून तिचे सभासद तेव्हापासून सतत एकमेकांचा खर्च वाटून घेत असले पाहिजेत. आपलं मंडळ जुनं आहे, पण बिलं वाटून घेण्याचं काम आपण कधी केलेलं नाही. नवीन सुरू केलेला कुठलाही गट यात बसत नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. हीच खरी "मर्जीतल्यांना सूट" आहे. कायद्याने तारीख घातली आणि आत होते ते आत राहिले.

केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य आहे, पण न्यू जर्सीचा स्वतःचा दंड आहे आणि रिटर्नसोबत शेड्यूल एनजे-एचसीसी जोडावं लागतं. शिवाय "पैसे भरा, बिल आम्ही देऊ" असं मंडळाने म्हटलं की राज्याच्या नजरेत तो विनापरवाना विमा. हा विषय कार्यकारिणीत नेऊ नये अशी माझी विनंती.

---

सुनीता, गुरुवार

सूट आणि सवलतींचं निघालंच आहे म्हणून. अर्जात "अमेरिकन इंडियन किंवा अलास्का नेटिव्ह" असा प्रश्न आहे. तो इथल्या मूळ जमातींसाठी आहे, आपल्यासाठी नाही. "इंडियन" शब्द दिसला की आपले ज्येष्ठ "हो"वर टिचकी मारतात. त्या जमातींना गरिबीरेषेच्या ३०० टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नाला दवाखान्यात खिशातून काहीच भरावं लागत नाही, वर्षभर दर महिन्याला योजना बदलता येते. त्यामुळे पोर्टल एकदम स्वस्त योजना दाखवतं आणि घरात आनंद होतो. मग जमातीचं सदस्यत्वपत्र मागितलं जातं, ते नसतं, आणि अर्ज दुरुस्त करण्यात ऐन मुदतीचे दिवस जातात. १ जानेवारीपासून विमा हवा तर ३१ डिसेंबरच्या आत नोंदणी व्हायला हवी. शनिवारच्या मदत केंद्रावर बसणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतः वाचून दाखवा.

---

विनायक, गुरुवार

अंजलीचा मुद्दा पटला. मला एवढंच म्हणायचं आहे की त्यांचा हिस्सा चालू राहिला आणि आपला बंद झाला, हे पत्रात स्पष्ट यायला हवं. ते गुळमुळीत करू नका.

---

मुग्धा, गुरुवार संध्याकाळी

मंडळी, परिच्छेद असा जातोय. इंग्रजी श्रीकांत करेल, अंजली आकडे तपासेल.

"तुम्ही स्वतःचा विमा डीसी हेल्थ लिंकवरून घेता आणि छोट्या धंद्यांच्या त्या खिडकीतून सरकार तुमच्या हप्त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत हिस्सा उचलतं. २०१३ मध्ये कायद्यातल्या एका फटीमुळे तुमचा हिस्सा बुडणार होता, तेव्हा नियम करून ती फट बुजवली गेली. आमच्या मतदारसंघातल्या, ग्रीन कार्डाला पाच वर्षं न झालेल्या आणि दोघांत मिळून २१,१५० डॉलरहून कमी उत्पन्न असलेल्या आईवडिलांना १ जानेवारीपासून मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही. ही फट बुजवणारं विधेयक तुम्ही मांडावं."

काका, सह्या जुन्या वाक्यावर झाल्या होत्या, म्हणून सही केलेल्या प्रत्येकाला नवा मजकूर आज रात्रीच पाठवते. उद्या सकाळी आठपर्यंत कुणी नाव काढायला सांगितलं तर काढू. पहिली सही ज्येष्ठ समितीचीच राहील. सुनीताताई, तो प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक टेबलावर ठेवायला हवा, छपाई तुमच्याकडे घ्याल का?