अनुभव धागा: वाळवंटातलं शहर, दोघांची सुट्टी आणि लाँग रन

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिथून उलटं मोजत आलं की सगळ्यात मोठा लाँग रन, ३० ते ३२ किलोमीटरचा, नेमका नाताळच्या आसपास येऊन बसतो. राजस्थानात फिरायचा मोसमही तोच. त्यामुळे आमच्या ठाण्याच्या रनिंग ग्रुपमध्ये दर डिसेंबरात हीच रड: तिकिटं काढून झाली, घरचं माणूस खूश आहे, आणि आता ३० चं काय करू?

ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. जमलं असेल तरी, फसलं असेल तरी. शहर कुठलं, किती धावलात, किती वाजता निघालात, पाण्याची सोय काय केलीत, आणि तेवढा वेळ बरोबरचं माणूस काय करत होतं. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ करू नका, धागा त्याच्यासाठीच काढलाय.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मी धावते. नवऱ्याच्या मते माणसाने पळावं ते फक्त गाडी सुटत असेल तरच. दोन वर्षांपूर्वी नाताळात चार दिवस जैसलमेरला गेलो आणि माझ्या सरावाच्या तक्त्यात शनिवारी ३० लिहिलेले होते.

पहिली चूक सवयीची. इथे आम्ही पहाटे ५ ला उपवनला जमतो, म्हणून तिथेही ४:३० चा गजर. जैसलमेर देशाच्या पार पश्चिम टोकाला. डिसेंबरअखेर तिथे सूर्य उगवायला साडेसात होतात हे मी पाहिलंच नव्हतं. खिडकी उघडली तर मिट्ट काळोख, हाडात शिरणारी थंडी आणि गल्लीत कुत्र्यांची सभा भरलेली. नवरा पांघरुणातूनच म्हणाला, "उठलीच आहेस तर चहाचं बघ." शेवटी पावणेसातला हेडलॅम्प लावून निघाले. म्हणजे सव्वादोन तासांची झोप फुकट.

रस्ता किल्ल्याच्या पायथ्यापासून अमरसागरवरून लोद्रव्यापर्यंत. साधारण १५ किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. लोद्रवा ही भाटी राजांची जुनी राजधानी. रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला आणि राजधानी इकडे हलवली. राजाला ते अंतर एकदाच जावं लागलं, मला परतही यायचं होतं.

नवऱ्याने भाड्याची स्कूटर घेतली होती. कानटोपी, वर शाल, पायापाशी पाण्याच्या चार बाटल्या आणि इलेक्ट्रॉलची पाकिटं. दर पाच किलोमीटरला थांबायचं ठरलेलं. ठाण्यात घामाने बूट पचपचतात, मोजा पिळला तर धार लागते. इथे अंग कोरडं ठणठणीत! मला वाटलं, घामच येत नाहीये, मजा आहे. बाराव्या किलोमीटरला गालावर हात फिरवला तर बोटांना मीठ लागलं. घाम येत होता, पण हवा इतकी कोरडी की येताक्षणी उडत होता. तहान लागलेली नसतानाही तिथून पुढे दर थांब्याला अर्धी बाटली संपवली.

दुसरी चूक आदल्या रात्रीची. दाल-बाटी-चुरमा, आणि वाढणाऱ्या काकांनी बाटीवर तूप अक्षरशः ओतलं होतं. लोद्रव्याहून परतताना एकोणिसाव्या किलोमीटरला त्या तुपाने हिशेब मागितला. घोडबंदरला पेट्रोल पंप असतो, हॉटेल असतं. इथे क्षितिजापर्यंत सपाट. रुईची झुडपं गुडघ्याएवढी, खेजडीचं झाड म्हणजे एक खोड आणि वर छत्री. शेवटी नवऱ्याने स्कूटर आडवी लावली, माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी शाल ताणून धरली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, अंतरपाट पुन्हा धरला गेला.

३० पूर्ण झाले. साडेतीन तासांत धरले होते, पावणेचार लागले. पण मला मोजायला शिकवलं ते दुपारने. दीडला जेवून आडवी झाले ती थेट साडेचारला उठले. तोवर हा एकटाच पटवों की हवेली बघून आला. म्हणजे ३० ची किंमत पावणेचार तास नव्हतीच. आदल्या रात्रीचं मनसोक्त जेवण आणि ती अख्खी दुपार त्याच बिलात होती. हे मी तिकिटं काढतानाच त्याला सांगायला हवं होतं. निदान जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूतला मुक्काम आम्ही रविवारी ठेवला होता. तिथे नाच-गाणी रात्री अकरापर्यंत चालतात, दुसऱ्या दिवशी पहाटे धावायचं असतं तर माझं लक्ष घड्याळातच राहिलं असतं.

खारघरहून

ताई, अंतरपाट वाचून हसून हसून ठसका लागला.

माझं वय ५२, सराव खारघरच्या टेकडीवर. सौ. देवभक्त, मी धावभक्त. बिकानेरला गेलो होतो आणि तिला देशनोकची करणीमाता बघायची होती, ते उंदरांचं मंदिर. बिकानेरहून देशनोक किती? तीस किलोमीटर! मी नकाशा दोनदा तपासला. देवीनेच तक्ता लिहून दिला म्हणायचा.

ठरलं असं की मी उजाडल्यावर निघायचं, तिने आरामात आवरून, नाश्ता करून टॅक्सीने यायचं. अंधारात अजिबात निघालो नाही. तो नागौरकडे जाणारा महामार्ग आहे, ट्रक गेला की वाऱ्याचा धपका आणि तोंडात रेती. समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, डांबराच्या कडेने धावलो. पाणी पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर, शिवाय खिशात भुजिया. एनर्जी जेलच्या गोडाचा कंटाळा आला की चार शेव तोंडात टाकायची, मीठही मिळतं. २४ व्या किलोमीटरला टॅक्सी शेजारी आली. ड्रायव्हर काच खाली करून म्हणतो, "साब, बैठ जाओ, कोई नहीं देख रहा." सौ. मागच्या सीटवर तोंड दाबून हसत होती.

मंदिरात बूट काढावे लागतात हे माहीत असूनही मी विसरलो होतो. ३० किलोमीटरनंतर सॉक्स काढले तेव्हा उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड, आणि खाली गार संगमरवर, त्यावर धान्य सांडलेलं, दुधाची परात आणि हजारो उंदीर. पायावरून उंदीर गेला तर शुभ मानतात. सौ. अर्धा तास डोळे मिटून उभी होती, एकही फिरकला नाही. माझ्या पायाशी मात्र दोघं आले, अंगठा हुंगला आणि आरामात वरून गेले. ती इतकी आनंदली की सगळ्या नातेवाइकांना फोन झाले. पायावरच्या मिठाचं मी काही बोललो नाही. आजही बोललेलो नाही, त्यामुळे हा धागा तिला दाखवू नका.

तलावपाळी, ठाणे (न धावणारी बाजू)

सगळे धावणारेच लिहितायत म्हणून लिहिते.

आमचे हे जोधपूरला सकाळी सहाला "जरा धावून येतो" म्हणून गेले. जरा म्हणजे किती? आठ वाजले, नऊ वाजले. फोन खोलीतच, चार्जिंगला. साडेनऊला मी रिसेप्शनवर विचारायला गेले तर तिथला मुलगा मलाच म्हणाला, "मॅडम, नाश्ता दहाला बंद होतो." दहा वाजून दहा मिनिटांनी स्वारी हजर, हातात मावा कचोरीचा पुडा. त्या पुड्याने काम भागेल असं त्यांना वाटलं होतं.

मला धावण्याचा राग नाही. त्या "जरा"चा आहे. आता नियम केलाय: कुठे, किती, किती वाजेपर्यंत, हे हॉटेलच्या चिठ्ठीवर लिहून आरशाला लावायचं आणि फोन बरोबर न्यायचा. त्या वेळेपर्यंत मी माझी मोकळी. खरं सांगू? मागच्या खेपेला चिठ्ठी होती म्हणून मी गच्चीत एकटीने दोन कप चहा प्यायले, समोर मेहरानगड, आणि कोणाशी एक शब्द बोलावा लागला नाही. घरी अशी सकाळ मिळत नाही.

कोपरखैरणेहून

आम्ही दोघंही धावतो. लोकांना वाटतं यांचं सोपं. सोपं नाही, कारण मी किलोमीटरला साडेपाच मिनिटं घेतो आणि ती सात. एकत्र निघालो तर दोघांचाही रन बिघडतो आणि बोलणंही होत नाही.

फेब्रुवारीत दुबईला गेलो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. हा मोठाच फायदा: तिथले पहाटेचे साडेचार म्हणजे शरीराच्या हिशेबाने सहा, गजराशिवाय जाग येते. जुमैराच्या किनाऱ्याला १४ किलोमीटरचा धावण्याचा मऊ ट्रॅक आहे, पाम बीच रोडच्या डांबराची सवय असलेल्या गुडघ्यांना तो स्वर्ग वाटला. मला २६ करायचे होते, तिला १८. ती माझ्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी निघाली आणि दोघं साधारण एकाच वेळी एकाच कॉफीच्या दुकानापाशी पोचलो. मधे एकदा समोरासमोर आलो तेव्हा टाळी दिली, बस.

फसलो एका ठिकाणी. रन रविवारी ठेवला आणि सुरुवातीच्या जागी मेट्रोने जाऊ म्हणालो. रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते! टॅक्सीला जे पैसे गेले ते रुपयांत मोजायचे नाहीत असं बायकोने बजावलं. तुम्ही गेलात तर शनिवारी धावा.

नेरूळहून

मी शहाणपणा केला होता. सहलीत धावायलाच नको म्हणून निघायच्या दिवशी पहाटे तीनला पाम बीचवर उतरलो, ३२ संपवून आंघोळ केली आणि दुपारचं विमान पकडलं. फार अभिमान वाटत होता. बायकोकडे त्या सहलीतला माझा एक फोटो आहे: मागे सूर्यास्त, वाळूचे डोंगर, पुढे उंटगाडी, आणि गाडीत तोंड उघडं टाकून झोपलेला मी. तिने तो स्टेटसला ठेवला होता.

घणसोलीहून

एक शंका. ३० चे दोन तुकडे केले तर? शनिवारी संध्याकाळी १६, रविवारी सकाळी १४? म्हणजे दोन्ही दिवस थोडे थोडे जातील.

धागाकर्ती

मी एकदा केलंय. पाय दोन्ही वेळा दमतात, पण सलग तीन तासांनंतरची जी परीक्षा असते, मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर होते ती, तिची तयारी तेवढी होत नाही. आणि एका दिवसाऐवजी दोन दिवस घड्याळ बघत जातात. त्यापेक्षा लाँग रन सरळ एक आठवडा अलीकडे ओढा, सहलीत ८-१० किलोमीटर हळूहळू धावा. तक्ता म्हणजे काही शिलालेख नाही. फक्त नेरूळच्या दादांसारखं निघायच्या दिवशीच नको.

अजून एक, समला जाणाऱ्यांसाठी. संध्याकाळी वाळू बघून हुरूप येतो आणि अनवाणी पळावंसं वाटतं. त्याच अंतराला वाळूत दीडपटीहून जास्त ताकद लागते. मी जेमतेम दोन किलोमीटर पळाले आणि सोमवारी विमानाचा जिना उलटा उतरले, पोटऱ्या इतक्या धरल्या होत्या.

खारघरहून

ताई, यंदा कुठे?

धागाकर्ती

बिकानेर, तुमचं वाचूनच. टॅक्सीचं बोलून ठेवलंय, आदल्या रात्री मुगाची खिचडी मिळेल असं हॉटेलही बघितलंय. काल बॅगेची यादी करत होतो. नवऱ्याने सगळी यादी वाचली आणि एवढंच विचारलं, "शाल लिहिली नाहीस?"