‘रिटॉर्ट’ला वांगं म्हणावं का? (आणि जस्त की यशद?)

मांडवीकर : आमच्या बडोद्याच्या मंडळाच्या बालअंकासाठी जावरवर लेख लिहितेय. उदयपूरजवळच्या या खाणींच्या गावात जस्त तयार व्हायचं, तेही युरोपला ते जमण्याच्या काही शतकं आधी. गाडी अडलीय एका शब्दापाशी. खनिज भरून भट्टीत लावायचं ते मातीचं बंद भांडं, म्हणजे ‘रिटॉर्ट’, त्याला मराठीत काय म्हणू? संपादक काकांनी ‘बकपात्र’ केलं, आणि जाता जाता ‘जस्त’ खोडून ‘यशद’ही केलं. बकपात्राला बगळ्यासारखी वाकडी मान असते. जावरचं भांडं सरळ नळीचं, आणि लावायचं तोंड खाली करून. बकपात्र वाचून मुलं भलतंच चित्र काढतील.

निवृत्त_मास्तर : ताई, ते उलटं लावण्यातच सगळी विद्या आहे, ती मुलांना नीट सांगा. कोळशाबरोबर तापवून खनिजातून जस्त सुटतं हजार अंशांच्या वर, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्मालाच वाफ होऊन येतो. उघड्या मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात, त्या वाफेला हवा लागली की तिची पांढरी भुकटी होते, हाती काहीच लागत नाही. म्हणून वाफ नळीतून खालच्या थंड कप्प्यात उतरवायची. भरलेलं भांडं उलटं केल्यावर आतला माल सांडू नये म्हणून नळीत एक काडी खोचत. भट्टी तापली की काडी जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. इतका साधा आणि इतका अचूक उपाय मी दुसरा पाहिलेला नाही.

एका भट्टीत अशी ३६ भांडी बसत. १९८३ मध्ये आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्ववाल्यांनी ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंकबरोबर तिथं उत्खनन केलं, तेव्हा भांडी जागच्या जागी असलेल्या भट्ट्या सापडल्या. बडोद्याच्या अंकात हे यायलाच हवं.

रावपुरा : शब्द तयार आहे की! ‘रसरत्नसमुच्चय’ या धातू-रसायनांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात याच कामाची मूस सांगितलीय: ‘वृंताकमूषा’. वृंताक म्हणजे वांगं. वांग्याच्या आकाराची मूस, तिला बारा अंगुळं लांब नळी, आणि नळीचं टोक धोत्र्याच्या फुलासारखं पसरट. ही कशासाठी, तर खर्पराचं सत्त्व, म्हणजे त्यातला धातू, काढायला, असंही तिथं स्पष्ट आहे. खर्पर म्हणजे जस्ताचं खनिज. जावरची भांडी पाहिलीत तर तंतोतंत वांगी. ‘वांगीमूस’ लिहा. मुलांना आकार एका शब्दात कळेल.

शब्दनिष्ठ : वृंताकमूषा असताना वांगीमूस कशाला? आणि काकांचा ‘यशद’ही योग्यच. यश देणारा तो यशद. तांब्यात मिसळला की सोन्यासारखं पितळ होतं, म्हणून हे नाव. जस्त हा त्याचा झिजलेला अवतार.

दांडियाबाजार : व्युत्पत्ती सुंदर आहे, पण मला पटत नाही. मदनपालाच्या निघंटूत, म्हणजे चौदाव्या शतकातल्या औषधी द्रव्यांच्या कोशात, ‘जसद’ आहे. आमच्या शेजारचे गुजराती लोक आजही ‘जसत’च म्हणतात. बोलीतल्या शब्दाला मागाहून संस्कृत कपडे चढवले, असं मला वाटतं. यमुनेची जमना होते, तसं जसदाचं उलट्या दिशेनं यशद झालं. त्याहून जुन्या रसग्रंथांत, म्हणजे धातू-रसायनांच्या ग्रंथांत, तर धातूला स्वतःचं नावच नाही, नुसतं ‘रसकाचं सत्त्व, वंगासारखं दिसणारं’. रसक म्हणजे तेच खर्पर, आणि वंग म्हणजे कथील. धातू हातात आला होता, नाव यायचं होतं!

शब्दनिष्ठ : लोक म्हणतात म्हणून बरोबर, हे मला मान्य नाही. लोक ‘जस्ताची बादली’ म्हणतात. ती लोखंडाची असते.

दांडियाबाजार : आमची आजी तेच म्हणायची आणि तिला बादली कशाची हे पक्कं ठाऊक होतं. वरून दिसतं त्याचं नाव पडतं. ‘गॅल्व्हनाइज्ड’ तरी कुठं शुद्ध आहे? गॅल्व्हानी बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग करणारा. बादली तर नुसती वितळलेल्या जस्तात बुचकळून काढतात.

निवृत्त_मास्तर : युरोपचा विषय निघालाय म्हणून सांगतो, ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं जस्ताचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. त्याचीही वाफ खालीच उतरायची.

मांडवीकर : मास्तर, हे घेतेच. पण वांगीमूस चालेल का, एवढं कुणी ठामपणे सांगाल?

सुरसागर_काठ : आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, तो जस्तच लावायचा ना भांड्यांना? घरात तसंच म्हणायचे.

रावपुरा : नाही हो, कल्हई कथलाची. जस्त आंबट पदार्थात विरघळतं, जेवणाच्या भांड्याला ते चालायचंच नाही. तापलेल्या भांड्यावर नवसागर नावाचा पांढरा क्षार टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचं. नवसागरानं तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा थर निघतो, त्याशिवाय कथील धरत नाही.

शब्दनिष्ठ : नवसागर हाही मूळचा आपलाच. रसग्रंथांत ‘नरसार’ आणि ‘नवसार’ आहेत.

दांडियाबाजार : आणि फारसीत ‘नौशादर’ आहे. यशदाचीच गोष्ट पुन्हा.

शब्दनिष्ठ : फारसीनं आपल्याकडून घेतला नसेल कशावरून?

दांडियाबाजार : घेतला असेल. पण मग मराठीतच त्यात ‘सागर’ कुठून शिरला? गुजराती तर ‘नवसार’वरच थांबली.