हायने यांचे स्मारक जर्मनीत का उभे राहिले नाही?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील जॉइस किल्मर उद्यानात हाइन्रिख हायने या जर्मन कवीचे पांढऱ्या संगमरवरी कारंज्याच्या रूपातील स्मारक आहे. ड्युसेलडोर्फमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये निधन पावलेल्या कवीचा न्यूयॉर्कशी संबंध काय, आणि त्याच्या स्मारकाच्या शिखरावर एक स्त्री का बसली आहे?

पहिले उत्तर : हे शिल्प मुळात ड्युसेलडोर्फसाठीच होते. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हायने यांच्या कवितेची निस्सीम चाहती असल्यामुळे तिने या कल्पनेला पाठबळ दिले आणि शिल्पकार म्हणून एर्न्स्ट हेर्टर यांची निवड झाली. परंतु हायने जन्माने ज्यू होते, शिवाय जर्मन राज्यकर्त्यांवर त्यांनी जन्मभर बोचरे लिहिले होते, त्यामुळे विरोध इतका वाढला की सम्राज्ञीने अंग काढून घेतले आणि नगरानेही नकार दिला. पुढे माइन्झनेही ते नाकारले. अखेर न्यूयॉर्कमधील जर्मन स्थलांतरितांनी पुढाकार घेतला आणि ८ जुलै १८९९ रोजी ब्रॉन्क्समध्ये त्याचे अनावरण झाले.

दुसरे उत्तर : यात एक भर घालतो. न्यूयॉर्कनेही ते आनंदाने स्वीकारले, असे समजू नये. मागणी मॅनहॅटनमधील मोक्याच्या जागेची होती. मिळाले ते त्या काळी शहराच्या कडेला असलेले ब्रॉन्क्स. कारंज्याभोवतीच्या जलकन्या विवस्त्र असल्याने त्यावरही गहजब झाला. पुढे १९४० मध्ये स्मारक उद्यानाच्या उत्तर टोकाला हलवण्यात आले आणि तेथे दुर्लक्ष व तोडफोड यांमुळे मूर्तींची शिरे व हात नाहीसे झाले. १९९९ मध्ये जीर्णोद्धार करून ते १६१व्या रस्त्याच्या बाजूस परत आणले; तेव्हा हरवलेले अवयव नव्याने घडवावे लागले, म्हणजे आज दिसणारे सगळेच चेहरे हेर्टर यांच्या हातचे नाहीत. माझ्या मते तसे करणे योग्यच होते, कारण शिरच्छेद झालेल्या जलकन्या पाहून कोणाला कविता आठवली असती?

तिसरे उत्तर : शिखरावरच्या स्त्रीचा प्रश्न राहिलाच. ती लोरेलाय, म्हणजे ऱ्हाइन नदीकाठच्या खडकावर बसून केस विंचरत गाणारी आणि नावाड्यांना भुलवून बुडवणारी, हायने यांच्या प्रसिद्ध कवितेची नायिका. कवी स्वतः शोधायचे असतील तर नजर खाली आणावी लागते. चौथऱ्यावरील उठावशिल्पात त्यांचा चेहरा एका बाजूने कोरलेला आहे.